सिराजुद्दीनची जागा

जेद्दात शुक्रवारी सकाळी क्रिकेट खेळणाऱ्या कोकणी माणसांत सिराजुद्दीन होडेकरला ओळखत नाही असा माणूस नव्हता. त्याने बॅटिंग करताना काय केलं ते आठवतंय असाही नव्हता. तो अकराव्या नंबरला जायचा, पॅड बांधायला जेवढा वेळ लागे त्याच्या निम्म्या वेळात परत यायचा, आणि पॅड सोडून गप्प बसायचा. पण तो स्टंपच्या मागे उभा राहिला की समोरचे फलंदाज क्रीजमधून पाय उचलताना विचार करायचे.

मैदान म्हणजे शहराबाहेरची उघडी, खडीची जमीन. गवताचं पातंही नाही. मधे सिमेंटची पट्टी, तिच्यावर अंथरलेली चटई, आणि चुन्याने आखलेली सीमारेषा. ती दर आठवड्याला वाऱ्याने पुसली जायची. अशा जागी टप्पा पडलेला चेंडू कधी गुडघ्याला येतो, कधी हनुवटीला. खड्यावर आपटला तर कुठेही जातो. बाकीचे कीपर दहा पावलं मागे उभे राहत. सिराज फिरकीला स्टंपला चिकटून बसायचा आणि चेंडू त्याच्या हातात असा यायचा, की जणू कोणी तो आणून दिलाय.

हे तो शिकला त्याचं कारण साधं होतं. जयगड खाडीच्या काठावर त्यांचं गाव. मुलांनी खेळायला सपाट केलेली जागा अगदी काठाला होती आणि एका टोकाला स्टंपच्या मागे सरळ खाडीच होती. ओहोटीला चिखल, भरतीला पाणी. मोठा भाऊ जमालुद्दीन बॅटिंग करायचा आणि धाकटा म्हणून सिराजला मागे उभं करायचे. सुटलेला चेंडू ज्याने सोडला त्यानेच आणायचा, असा नियम. चिखलात कालवं होती, त्यांच्या शिंपल्यांच्या कडांनी पाय कापायचे. पाय कापून घेण्यापेक्षा चेंडू अडवणं बरं, एवढं सहा-सात वर्षांच्या पोरालाही कळतं.

पुढे जमाल जेद्दात आला. दुधाच्या एका कंपनीची थंड गाडी चालवायचा, ताक आणि दही घेऊन किनाऱ्याकिनाऱ्याने दुकानं करायचा. चार वर्षांनी त्याने सिराजला बोलावून घेतलं. सिराज रत्नागिरीत एसी दुरुस्ती शिकला होता, त्याला इमारतींची देखभाल करणाऱ्या कंपनीत काम लागलं. दोघं जेद्दाच्या शराफिया वस्तीत एकाच खोलीत राहायला लागले. जमाल खालच्या पलंगावर, सिराज वरच्या.

खाडीपट्टा क्रिकेट क्लब हा त्यांचा संघ. कर्णधार उस्मान तांडेल, शराफियात गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान असलेला, पन्नाशीकडे झुकलेला माणूस. संघ त्यानेच उभा केला होता, चटई त्याच्याच गोदामात असायची, आणि पाचव्या नंबरची बॅटिंगही त्याचीच. जमाल पहिल्या नंबरला यायचा आणि धावा काढायचा. नुसत्या काढायचा नाही, ढिगाने काढायचा. पहिल्या वर्षी कोणीतरी म्हणालं, की जमाल, तुझा भाऊ कीपर चांगला आहे, पण बॅट म्हणजे त्याच्या हातात झाडू. जमाल हसून म्हणाला होता, "त्याच्या वाटच्या धावा मी काढतो ना. दोघांचा हिशोब एकत्र धरा."

तेव्हापासून तसाच धरला गेला. सिराजने संघात असावं की नसावं हा प्रश्न कधी कोणी काढला नाही. जमाल पहिल्या स्लिपमध्ये आणि सिराज त्याच्या डाव्या हाताला, अशी वर्षं गेली. दोघं षटकांच्या मधे काहीतरी बोलत असायचे. काय बोलतात ते कोणाला ऐकू यायचं नाही. बहुतेक घरचंच असावं.

२००७ सालच्या हिवाळ्यात, मोसम सुरू होऊन थोडेच सामने झाले असताना, जेद्दाहून उत्तरेला राबिगकडे जाणाऱ्या रस्त्यावर जमालच्या गाडीचा टायर फुटला. गाडी उलटून बाजूच्या वाळूत गेली. सिराज तेव्हा एका इमारतीच्या गच्चीवर होता. एसीचं झाकण उघडून बसला होता. फोन आला तेव्हा त्याने ऐकून घेतलं, "हो" म्हणाला, झाकण परत लावलं, चारही स्क्रू घट्ट केले आणि मग खाली उतरला. हे त्याला नंतर बरोबरच्या माणसाने सांगितलं. त्याला स्वतःला आठवत नव्हतं.

पुढचं सगळं उस्मानने केलं. इस्पितळ, पोलीस, कफीलची, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा असतो त्या मालकाची सही, वकिलातीचे कागद. मय्यत गावी न्यायची की इथेच माती द्यायची, हे घरच्यांना विचारावं लागणार होतं आणि ते विचारायचं काम मात्र सिराजचं होतं. उस्मानच्या दुकानातून त्याने फोन लावला. आई, अमिरुन्निसा, फोनवर आली. पलीकडे बायकांच्या रडण्याचा आवाज होता. बातमी आधीच पोचली होती.

"आई, इथेच ठेवायचं का?" त्याने विचारलं.

ती म्हणाली, "मक्का किती लांब आहे तिथून?"

"जवळच. तासाभराचा रस्ता."

"मग तिथेच राहू दे त्याला. इथे आणून मी तरी काय बघू." मग तिने विचारलं, "तू जेवलास?"

"हो," सिराज म्हणाला. तो जेवला नव्हता. पण भूकही नव्हती, म्हणून ते खोटं वाटलं नाही.

मय्यतीला आंघोळ घालायला तो स्वतः उभा राहिला. असरच्या, म्हणजे दुपार कलतानाच्या नमाजनंतर माती दिली. माणसं पुष्कळ आली होती, समोरच्या संघांतलीसुद्धा. सगळ्यांनी त्याला मिठी मारली आणि प्रत्येकाला त्याने पाठीवर थोपटलं. बघणाऱ्याला वाटावं, तोच त्यांची समजूत काढतोय.

खोलीत परतल्यावर त्याने जमालचे कपडे पेटीत भरले. थोड्या दिवसांनी खालच्या पलंगावर नवीन माणूस आला, केरळचा, स्वभावाने चांगला. त्याच्यासाठी चादर सिराजनेच बदलली.

माती दिल्यानंतरच्या पहिल्याच शुक्रवारी सामना होता. उस्मानने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की सिराज येणार नाही, कोणीतरी हातमोजे घालायला तयार राहा. पण उस्मानची गाडी मैदानावर पोचली तेव्हा सिराज गोदामातल्या पोऱ्याबरोबर चटई घेऊन आधीच आला होता आणि तिच्या कडेला खिळे ठोकत होता.

"अरे, तू कशाला आलास?" उस्मान म्हणाला.

"शुक्रवार आहे ना," सिराज म्हणाला.

पहिल्या स्लिपमध्ये कोण उभं राहणार हे ठरलं नव्हतं. शेवटी उस्मान स्वतः जाऊन उभा राहिला. सिराजने तिकडे पाहिलं नाही. त्या दिवशी त्याच्या हातून एकही चेंडू सुटला नाही. दोन झेल घेतले, त्यांतला एक तर लेगला सूर मारून, खडीवर. सगळे धावत आले. त्याने उठून चेंडू परत दिला आणि कोपर झटकलं. लेगस्पिन टाकणारा नूरुद्दीन, जो संघात उस्मानखालोखाल वयाने मोठा होता, त्याला हातमोज्याच्या टोकावर रक्त दिसलं. काढून बघितलं तर करंगळीशेजारच्या बोटाचं नख उभं फाटलेलं.

"हे कधी झालं?"

सिराजने बोट उलटसुलट करून पाहिलं. "माहीत नाही," तो म्हणाला. त्याला खरंच माहीत नव्हतं.

बॅटिंगला गेला तेव्हा त्याने पहिलाच चेंडू नुसता येऊ दिला. बॅट हललीही नाही. मधला स्टंप पडला. तो परत आला, पॅड सोडले आणि पाण्याचं पिंप उचलायला गेला.

असेच चार-पाच शुक्रवार गेले. गंमत अशी की, गंमत म्हणायची तर, सिराज इतकं चांगलं कीपिंग याआधी कधी करत नव्हता. पूर्वी तो चुकायचा, चुकला की चिडायचा, स्वतःला शिव्या द्यायचा. आता ते सगळं गेलं होतं. चेंडू येत होता, तो घेत होता. त्याला आनंद होत नव्हता आणि त्रासही होत नव्हता. चहा प्यायला तर चहा गरम आहे एवढंच कळायचं. घरी फोन केला की आई काय बोलते ते ऐकायचा. भावजय शरफुन्निसा एकदा म्हणाली, "शेवटी काही बोलले का ते?" तर हा म्हणाला, "नाही भाभी, एकटेच होते गाडीत." फोनचं कार्ड संपत आल्याचं सांगणारा बाईचा आवाज सुरू झाला तेव्हा त्याने फोन ठेवला.

इकडे संघ हरायला लागला. जमालच्या धावा गेल्या होत्या आणि त्या कोणाला भरून काढता येत नव्हत्या. तेवढ्यात अदनान आला. राजापूरकडचा, मोबाईलच्या दुकानात सेल्समन, पंचविशीतला, हातात जोर असलेला. तो जोरात मारायचा. आणि मुंबईत क्लबकडून खेळताना त्याने थोडंफार कीपिंगही केलं होतं.

विषय काढला तो विवेकने. विवेक पेंडसे संघातला एकटाच पुण्याचा, एका बँकेत संगणकावर बसणारा. बायको सरोज आणि मुलगा निमिष त्याच्याबरोबर इथेच राहत होते. तो दुसरा ओपनर. जमालबरोबर उतरायचा. स्वभावाने रोखठोक, पण आतून वाईट नाही. गुरुवारी संध्याकाळी मगरिबच्या नमाजसाठी बंद केलेलं दुकानाचं शटर परत उघडलं तेव्हा तो उस्मानसमोर येऊन बसला.

"उस्मानभाई, हे कोणीतरी बोलायला हवं म्हणून बोलतो. आपण दहा बॅट्समन घेऊन खेळतोय."

उस्मानने बिलांची वही पुढे ओढली.

"सिराजसारखा कीपर या शहरात नाही, मान्य. पण तो सामन्याला किती धावा वाचवतो? बाय गेल्या तर दहा-बारा. एखादा झेल. अदनान कीपिंगला उभा राहिला तर तेवढं आपण गमावू. पण एक बॅट्समन जास्त मिळेल. आतापर्यंत जमालभाई होते म्हणून चाललं."

"आता जमाल नाही म्हणून भावालाही काढू?" उस्मान म्हणाला.

"मी तसं म्हणत नाही."

"पण तसंच दिसेल."

विवेकने काउंटरवरची क्लच प्लेट उचलली आणि परत ठेवली. "म्हणजे आपण त्याला दया म्हणून ठेवलंय," तो म्हणाला. "त्याला हे कळलं तर त्याला काय वाटेल?"

हेच उस्मानच्याही मनात रोज येत होतं. सिराजला तो का खेळवतो, हातांसाठी की भावासाठी, हे त्याचं त्यालाच सांगता येईना.

दोन दिवसांनी उस्मानने दुकानातला एसी गारवा देत नाही असं सांगून सिराजला बोलावलं. एसीत तसं काही बिघडलेलं नव्हतं. सिराज स्टुलावर चढला, जाळी काढली, झटकली. उस्मान खाली उभा राहून काहीतरी सुरुवात करायला बघत होता, पण सुरुवात सिराजनेच केली. पाठ त्याची उस्मानकडे होती.

"उस्मानभाई, एक विचारू?"

"विचार ना."

"मला कशासाठी खेळवताय?"

"म्हणजे?"

"जमालभाई होता तेव्हा ठीक होतं. त्याचं-माझं एकत्र होतं. आता माझं एकट्याचं काय धरता तुम्ही?"

उस्मानने दुकानातल्या पोऱ्याला चहा आणायला पाठवलं. मग म्हणाला, "तुझ्यासारखा कीपर..."

"ते नका सांगू. जमालचा भाऊ म्हणून ठेवलंय का?"

उस्मान दर्यावर्दी घराण्यातला माणूस. त्याला खोटं बोलता यायचं, पण तोंडावर नाही. तो म्हणाला, "मला माहीत नाही, सिराज. खरं सांगतो. मला वेगळं करून बघताच येत नाही."

सिराजने जाळी परत बसवली. "मग बसवा मला," तो म्हणाला. "अदनानला उभा करा. बघा काय होतं ते."

"तुला वाईट नाही वाटणार?"

सिराजने खरोखरच विचार केला. स्टुलावर उभं राहून, हातात स्क्रूड्रायव्हर धरून. "नाही," तो म्हणाला. "वाटायला पाहिजे. पण नाही वाटत." आणि तो खाली उतरला. "एसी चांगला आहे तुमचा."

त्यानंतर सिराज बाहेर बसला. बसला म्हणजे घरी बसला नाही. दर शुक्रवारी तो यायचा, चटई अंथरायचा, पाणी भरायचा, आपली बॅटिंग असली की पंच म्हणून उभा राहायचा. पहिल्याच सामन्यात अदनानने दोन सोपे झेल सोडले आणि बायच्या धावा ओघळत राहिल्या. पण मग त्याने साठ धावा ठोकल्या आणि संघ जिंकला. विवेकने काही बोलून दाखवलं नाही, पण त्याचा चेहरा बोलत होता. पुढचा सामना हरले. त्याच्या पुढचा परत जिंकले. कोणाचं बरोबर, हे त्यावरून काही ठरेना. हरले की सगळे बायच्या धावा आणि सुटलेले झेल मोजत आणि जिंकले की अदनानचे षटकार.

कसेबसे उपांत्य फेरीत पोचले आणि तीही जिंकले. पण त्या सामन्यात नूरुद्दीनने दोनच षटकं टाकली आणि चेंडू उस्मानच्या हातात देऊन म्हणाला, "बस. दुसऱ्या कोणाला द्या."

गुरुवारी संध्याकाळी अंतिम सामन्याचं बोलणं व्हायचं होतं. उस्मान, विवेक आणि नूरुद्दीन दुकानात बसले. नूरुद्दीन बंदरावर क्रेन चालवायचा. कमी बोलणारा. पण त्या दिवशी तोच आधी बोलला.

"सिराज नसेल तर मला घेऊ नका."

"हे काय नूरुद्दीनभाई, धमकी देताय?" विवेक म्हणाला.

"धमकी नाही. मी चेंडू उंच देतो, फलंदाज पुढे येतो. मागे सिराज असतो म्हणून मी उंच देतो. अदनान दहा पावलं मागे उभा राहतो. फलंदाज आरामात पुढे येतो आणि मला मारतो. मग मी सपाट टाकतो. सपाट टाकला की मी कोणीच नाही." त्याने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "तुम्ही बाय मोजता. माझ्या विकेट माझ्या नावावर मोजता. त्यातल्या निम्म्या त्याच्या आहेत."

हे विवेकच्या लक्षातच आलं नव्हतं आणि ते त्याने कबूलही केलं. "बरोबर आहे तुमचं," तो म्हणाला. "पण मग अदनानला काढायचं? धावा कोण काढणार?"

"अदनान राहू दे. कीपिंग नको त्याला, नुसती बॅटिंग करू दे."

"मग कोणाला काढायचं?"

उस्मान बोटांवर एकेक नाव घेत होता. ओपनर म्हणून विवेक हवा. अदनान हवा. नूरुद्दीन, आणि दोन वेगवान गोलंदाज. नावं घेताघेता तो पाचव्या नंबरवर आला आणि थांबला. त्याचं बोट तसंच राहिलं. मग त्याने बाहेर रस्त्याकडे पाहिलं. समोरच्या दुकानाचं शटर वर जात होतं.

"उस्मानला बसवू," तो म्हणाला.

"कुठला उस्मान?" विवेकने विचारलं.

"आपल्यात किती उस्मान आहेत?"

उस्मानने या मोसमात किती धावा केल्या होत्या? गेल्या मोसमात? स्लिपमध्ये त्याच्या हातून किती गेले? संघात सिराज असावा की नसावा यावर दोन महिने डोकी फोडली होती, आणि सगळ्यांत कमी उपयोगाचा माणूस कोण, हे एकदाही कोणी विचारलं नव्हतं. विचारणार कोण? चटई त्याची, गोदाम त्याचं.

"असं नका करू," नूरुद्दीन म्हणाला. "संघ तुमचा आहे."

"म्हणूनच सांगतोय. विवेक, उद्या कर्णधार तू." उस्मानने गल्ल्याची किल्ली फिरवली. आवाज नेहमीसारखाच होता, पण कान लाल झाले होते. "सिराजला मी सांगतो. आणि या वेळी त्याला सांगायला माझ्याकडे काहीतरी आहे."

त्याने फोनवर एवढंच सांगितलं. "सिराज, उद्या तू खेळतोयस. जमालसाठी नाही. नूरुद्दीनला तू हवा आहेस. तुझ्यासाठी मी बसतोय."

पलीकडून सिराज म्हणाला, "बरं." मग म्हणाला, "हातमोजे उन्हात टाकायला पाहिजेत."

समोरचा संघ हैदराबादकडच्या लोकांचा, तगडा. पहिली बॅटिंग त्यांची. सुरुवात अशी केली, की विवेकचा चेहरा उतरला. मग नूरुद्दीन आला. त्याने चेंडू उंच दिला. फलंदाज पुढे आला, चेंडू बॅटला चुकवून वळला, आणि पुढच्या क्षणाला बेल्स खाली होत्या. सिराजने ओरडूनही मागितलं नाही. पंचाने बोट वर केलं. पुढच्या षटकात दुसरा फलंदाज. त्याचा पाय नुसता उचलला होता, हवेत, कोणाच्या लक्षातही येणार नाही इतका वेळ. तोही गेला. त्यानंतर कोणी पुढे यायला तयार होईना आणि पुढे न येता नूरुद्दीनला खेळणं हे आणखी कठीण. दोनशेकडे निघालेला डाव दीडशेच्या आतच आटोपला. उस्मान सीमारेषेबाहेर पाण्याच्या पिंपापाशी उभा होता. आपण बाहेर आहोत हे विसरून तो दोनदा आत धावला.

खाडीपट्ट्याची बॅटिंग सुरू झाली. विवेक बरा खेळला, अदनान जोरात. पण दुसऱ्या बाजूने विकेट जात राहिल्या. उन्हं चढली. जुम्याच्या नमाजला उशीर होणार म्हणून लोक घड्याळं बघायला लागले. शेवटी चार धावा हव्या होत्या आणि नववी विकेट पडली.

सिराज गेला. अदनान पट्टीच्या मधे त्याला भेटला.

"सिराजभाई, काही करू नका. फक्त अडवा. षटक संपलं की मी आहे."

सिराजने मान हलवली. षटकातले तीन चेंडू उरले होते. पहिला बॅटला लागून पायाशी पडला. दुसरा पॅडवर आदळला, सगळ्यांनी आरडाओरडा केला, पंचाने नाही म्हटलं. तिसरा ऑफ स्टंपच्या बराच बाहेर होता. सोडून द्यायचा चेंडू. सिराजने स्टंपमागे बसून असे हजार चेंडू पाहिले होते. फलंदाज उगाच बॅट घालतो आणि चेंडू मागे आपल्या हातात येतो. आणि त्याने उगाच बॅट घातली. हलकासा आवाज आला. मागे त्यांचा कीपर होता, साधाच, दहा पावलं मागे उभा राहणारा. त्याने तो घेतला.

समोरचे लोक नाचत होते. अदनान बॅटवर टेकून उभा राहिला. सिराज परत आला. नूरुद्दीनने त्याच्या हातून बॅट घेतली. सिराज खडीवर बसला आणि पॅडचे पट्टे सोडायला लागला. एक सुटला, दुसरा सुटेना.

"सोडायला पाहिजे होता," तो म्हणाला.

"जाऊ दे रे," उस्मान त्याच्याशेजारी उकिडवा बसला.

"नाही, सोडायला पाहिजे होता तो. बाहेरचा होता. मला दिसत होतं बाहेरचा आहे. मी कशाला बॅट घातली?" त्याचा आवाज चढला. त्याने पट्टा जोरात ओढला, पट्टा तुटून हातात आला, तो त्याने फेकून दिला. "एवढं साधं काम होतं. काही करायचं नव्हतं. नुसतं उभं राहायचं होतं."

जमाल गेल्यापासून इतक्या महिन्यांत उस्मानने या माणसाला चिडलेलं पाहिलं नव्हतं. सिराजने गुडघ्यांत डोकं घातलं आणि त्याचे खांदे हलायला लागले. दूर उभ्या असलेल्या समोरच्या खेळाडूंना वाटलं, एका सामन्यासाठी इतकं काय. त्यांचा कर्णधार समजावायला येत होता, त्याला नूरुद्दीनने हातानेच थांबवलं. विवेकने सगळ्यांना चटई गुंडाळायला लावली. सावकाश गुंडाळा, म्हणाला. त्या दिवशी जुम्याला सगळेच उशिरा पोचले आणि मागच्या रांगेत उभे राहिले.

दुपारी सिराजने घरी फोन केला. आईने नेहमीप्रमाणे विचारलं, "जेवलास?"

"जेवलो. भूक लागली होती." मग म्हणाला, "आई, आज हरलो. माझ्यामुळे हरलो."

"कशात हरलास, बाबा?"

मग त्याने सांगितलं. क्रिकेटमधलं तिला काही कळत नव्हतं, पण तो बोलत राहिला आणि ती ऐकत राहिली. बोलता बोलता तो त्या राबिगच्या रस्त्यावर आला, मग मय्यतीला आंघोळ घातली त्या गोष्टीवर, जमालच्या उजव्या हाताच्या तळव्याला बॅटचे घट्टे कसे होते त्यावर. हे त्याने याआधी कोणालाच सांगितलं नव्हतं. आई पलीकडे रडत होती आणि मधेमधे "मग?" म्हणत होती. कार्ड संपलं. त्याने खाली जाऊन दुसरं आणलं.

सिराज त्यानंतर दोन मोसम खेळला. त्याच्या जागेचा प्रश्न परत निघाला नाही असं नाही. दर हरलेल्या सामन्यानंतर निघायचा, आणि आता तोही त्यात भाग घ्यायचा. कधी म्हणायचा मला बसवा, कधी म्हणायचा नूरुद्दीनभाईला विचारा. काही शुक्रवारी तो खेळला, काही शुक्रवारी अदनानने हातमोजे घातले. उस्मान परत खेळला नाही. तो पंच म्हणून उभा राहायचा आणि फार कडक पंच होता म्हणतात, आपल्याच लोकांना आधी बाद द्यायचा.

२०१० साली सिराज कायमचा गावी परतला. रत्नागिरीत एसी-फ्रिजचं दुकान टाकलं, लग्न केलं. जाण्याआधी एका सकाळी उस्मान त्याला कबरस्तानात घेऊन गेला. तिथे कबरींवर नावं नसतात, नुसते दगड. जमालची नक्की कुठली, हे दोघांनाही सांगता येईना. उस्मान म्हणाला ही असावी, सिराज म्हणाला नाही, ती पलीकडची. मग दोघांनी मधे उभं राहून फातिहाची दुआ पढली आणि विमानतळाच्या रस्त्याला लागले.